मामंजींचा गरब्याचा पास

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यात मी जे काही लिहिले ते मुख्यत्वे संगणकासाठी लिहिले, आणि तो वाचक फार सोशिक असतो. चूक दिसली तर तत्काळ सांगतो, परंतु कंटाळा आला असे कधी म्हणत नाही. माणसांच्या बाबतीत मला ती खात्री देता येत नाही. तरीही निवृत्तीनंतर घरच्यांनी फार आग्रह धरला म्हणून हे धाडस करते आहे. जाणकारांनी मला क्षमा करावी.

त्या दुपारी माझ्या दिवंगत सासऱ्यांनी गरब्याच्या पाससाठी अर्ज केल्याचे मला संगणकाच्या पडद्यावर दिसले.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. हयात असतानाही त्यांनी कधी गरबा खेळल्याचे कोणी पाहिले नव्हते. नवरात्र आले की ते कानात कापूस घालून वाचत बसत. आणि आता पडद्यावरच्या ओळीत पहिला शब्द होता 'श्रीधर' आणि शेवटचा 'पोतनीस'. मधला शब्द वाचायला मला क्षणभर वेळ लागला. तो 'मोहन' होता. म्हणजे हे मामंजी नव्हते, हा माझा मुलगा होता.

आईने आपल्या मुलाचे नाव ओळखू नये, हे विचित्र वाटेल. त्याचा खुलासा केला पाहिजे. मुलगा झाला तेव्हा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, त्याला आजोबांचे नाव ठेवले. परंतु सुनेने सासऱ्यांचे नाव घ्यायचे नाही, ही रीतही आमच्याकडचीच. तेव्हा पाळण्यातले नाव पाळण्यातच राहिले आणि मुलगा घरात 'बाबू' झाला. 'श्रीधर' हे नाव त्याच्या शाळेच्या दाखल्यावर असे. माझ्या तोंडी ते कधी आले नाही.

त्याच्या नावाशेजारी माझ्या यजमानांचे नाव होते, मोहन श्रीधर पोतनीस. आणि दोघांपुढे आमच्याच प्रोग्रामने शेरा मारला होता: 'एकच व्यक्ती. दोन्ही अर्ज रद्द.'

आता थोडे मागे जाते.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले, लग्न होऊन बडोद्याला आले आणि पुढची वर्षे घर सांभाळण्यात गेली. बाबू कॉलेजात जाऊ लागला तेव्हा घरात दुपारी करण्यासारखे काही उरले नाही. त्या काळी बडोद्यात चौकाचौकांत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मी एका क्लासमध्ये नाव घातले. वर्गातली मुले मला पहिल्या दिवशी शिक्षिका समजून उभी राहिली. क्लास पुरा झाल्यावर रावपुऱ्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मला प्रोबेशनवर घेतले. कंपनी म्हणजे एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माझे वरिष्ठ हार्दिकभाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होते. ते बंगळूरला नोकरी करून परत आले होते आणि पायथन नावाची भाषा बरोबर घेऊन आले होते. बडोद्यात ती तेव्हा फारशी कोणी वापरत नसे. "नीलाबेन, जे काम दुसऱ्या भाषेत पानभर लिहावे लागते ते इथे एका ओळीत होते," असे ते अभिमानाने सांगत, जणू ती भाषा त्यांच्याच घरची असावी.

माणूस उमदा होता. परंतु त्यांना घाई फार, आणि मला भीड फार. माझी प्रोबेशन संपत आली होती आणि तोवर मी एकही प्रश्न आपणहून विचारला नव्हता.

नवरात्राच्या तोंडावर हसमुखभाई आले. वासण्याच्या बाजूला एका मोठ्या मैदानावर जे मंडळ गरबे भरवीत असे, त्याचे हे सेक्रेटरी. पोट मोठे, आवाज त्याहून मोठा. आमचे बोलणे अर्थात गुजरातीत झाले. येथे बहुतेक मराठीतच देते. काही वाक्ये मात्र तशीच ठेवल्यावाचून राहवत नाही.

"हार्दिकभाई, मला चोर पकडून द्या," ते खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाले.

हकीकत अशी होती. खेळणाऱ्यांसाठी मंडळ फोटोचे पास देत असे. ते गळ्यात अडकवूनच रिंगणात शिरायचे. पास मोजकेच असत. नियम साधा होता: "एक माणस, एक पास." परंतु आदल्या वर्षी काही जणांनी दोन दोन अर्ज भरले. एका अर्जावर आपला फोटो आणि दुसऱ्यावर सुरतेहून येणाऱ्या मेहुण्याचा. नाव एकच, पण एकदा आडनाव आधी लिहायचे आणि एकदा शेवटी. पटेल रमेश मनु आणि रमेश मनु पटेल. संगणकाने दोन निरनिराळी माणसे धरली आणि दोन पास काढून दिले.

"अर्जावर वय लिहिलेले असेल ना? त्यावरून जुळवता येईल," हार्दिकभाई म्हणाले.

"वयाचा रकाना आम्ही काढून टाकला. बेनो उंमर लखे नहीं, अने लखे तो साची न लखे." म्हणजे बायका वय लिहीत नाहीत, आणि लिहिले तर खरे लिहीत नाहीत. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "माफ करजो, बेन."

ते फ्लॉपी ठेवून गेले. तीत सर्व अर्जदारांची नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि घरचे टेलिफोन नंबर होते. फोटो कागदी अर्जावर डकवलेले, आणि अर्ज मंडळाच्या कपाटात. त्यामुळे आम्हांला जे काही ठरवायचे ते केवळ अक्षरांवरून ठरवायचे होते.

येथे एक शब्द समजावून सांगते. संगणकाच्या भाषेत अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात. दोऱ्यात एकापुढे एक मणी ओवावेत तशी अक्षरे ओवलेली असतात. ही माळ तोडता येते, तिचे तुकडे नव्या क्रमाने लावता येतात, पुन्हा जोडता येते, आणि एक माळ दुसरीत कोठे सापडते का ते शोधता येते. संगणकाला त्या माळेचा अर्थ कळत नाही. रमेश हा माणूस आणि पटेल हे आडनाव, हे त्याच्या गावीही नसते. त्याच्या दृष्टीने ते सारे मणीच.

हार्दिकभाईंनी चहा संपण्याच्या आत तोडगा काढला.

"नीलाबेन, सोपे आहे. नावाचे तीन तुकडे करा. तुकडे एबीसीडीच्या क्रमाने लावा. पुन्हा जोडा. मग कुठल्याही क्रमाने लिहिले तरी एकच नाव मिळेल. बरोबर?"

मी मान हलवली. खरोखरच सुरेख युक्ती होती. रमेश मनु पटेल घ्या की पटेल रमेश मनु घ्या, क्रमाने लावले की दोहोंचे 'मनु पटेल रमेश' होते. अर्थ काही नाही, पण दोन्ही अर्ज एका जागी येऊन भेटतात. नावाला चिकटलेले 'भाई', 'बेन' आधी कापून टाकायचे, एवढी काळजी मात्र घ्यावी लागली. खात्रीसाठी हार्दिकभाईंनी आणखी एक अट घातली: टेलिफोन नंबरही तोच असेल तरच दोन्ही अर्ज एका माणसाचे समजायचे.

"आता चुकायला जागाच नाही," ते म्हणाले.

मी प्रोग्राम लिहिला. तो पहिल्याच फटक्यात चालला. प्रिंटर करकरत राहिला आणि कागदाची लांबच लांब पट्टी जमिनीवर घडी घालत बसली. दुसऱ्या दिवशी हसमुखभाई आले, त्यांनी ती पट्टी दोन्ही हातांत धरली आणि लहान मुलासारखे खूश झाले.

"एवढे? अरे वा! यांचे सगळे अर्ज रद्द. आणि ही यादी मोठ्या अक्षरांत छापून मैदानाच्या गेटवर लावतो. पुढच्या वर्षी कोणाची हिंमत होणार नाही."

मग त्यांनी पट्टीवरून बोट फिरवले आणि मोठ्याने हसले.

"नीलाबेन, तमारा मराठी लोको तो बहु उस्ताद नीकळ्या! हे बघा: जोशी, जोशी. काळे, काळे. पाटणकर, पाटणकर. मैदानात मराठी किती? मूठभर. आणि यादीत पाहा."

त्यात खवचटपणा नव्हता. हसमुखभाई ज्याची चेष्टा करत नसत त्याच्याशी ते बोलतच नसत. तरीही माझे कान तापले. "परवा सकाळी गेटवर लावतो," असे म्हणून ते निघाले. पक्की प्रत काढण्यासाठी पट्टी मात्र आमच्याकडेच ठेवली.

ते गेल्यावर मी संगणकावर ती यादी पुन्हा उघडली. आपल्या लोकांनी एवढी लबाडी करावी, याचे मला आश्चर्य वाटत होते. म्हणून फक्त मराठी नावे पाहू लागले. आणि तेथे मामंजी भेटले.

घोटाळा काय झाला होता ते उमजायला मग वेळ लागला नाही. आमच्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे बाप मोहन श्रीधर आणि मुलगा श्रीधर मोहन. शब्द तेच तीन. क्रमाने लावले की दोघांचे 'मोहन पोतनीस श्रीधर'. टेलिफोनचा नंबरही तोच, कारण बाप आणि मुलगा एकाच घरात राहतात. खात्रीसाठी घातलेल्या अटीने चुकीवरच शिक्कामोर्तब केले होते. यादीतले जोशी, काळे, पाटणकर, बहुतेक सारे असेच बाप-लेक होते.

आता खरे म्हणजे उठून पलीकडच्या खोलीत जायचे आणि सांगायचे. मी उठले नाही. कारण सांगायचे तरी कसे? वरिष्ठांची युक्ती चुकली, हे प्रोबेशनवरच्या बाईने सांगायचे. आणि पुरावा म्हणून दाखवायचे काय, तर स्वतःचा नवरा आणि स्वतःचा मुलगा! ऐकणाऱ्याला वाटणार, घरचे पकडले गेले म्हणून बाई आता प्रोग्रामला नावे ठेवते आहे. शिवाय चूक सांगितली तर 'मग बरोबर काय?' असा प्रश्न येणार. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. क्रम बदलणारा रमेश पटेल चोर, आणि क्रम बदलणारे पोतनीस साव. हे मला कळत होते, पण मण्यांच्या माळेला कसे कळावे?

मी स्कूटी काढून मांजलपूरला घरी आले.

आमच्या सोसायटीच्या अंगणात गरब्याची तालीम चालली होती. शेजारच्या चंद्रिकाबेन दरवर्षी नवीन काहीतरी शिकवीत. मध्यभागी प्लॅस्टिकचे स्टूल, त्यावर रिकामी कळशी, आणि तिच्याभोवती फिरणारी माणसे तीन: पुढे चंद्रिकाबेन, त्यांच्यामागे आमचे यजमान, त्यांच्यामागे बाबू. यजमान दिवसभर कारखान्यात बॉयलरपाशी उभे राहत आणि नवरात्रापूर्वीचा महिनाभर संध्याकाळी अंगणात नाचत. लहानपणापासून त्यांचे एकही नवरात्र चुकले नव्हते. बाबूने तोवर कधी रिंगणात पाऊल टाकले नव्हते. त्याला लाज वाटे. त्या वर्षी मात्र तो आपणहून म्हणाला होता, "बाबा, यंदा माझाही फॉर्म भरा ने." यजमान ते वाक्य महिनाभर लोकांना सांगत होते.

मी पायरीवर बसले आणि एका विश्रांतीत सर्व सांगून टाकले.

"म्हणजे गेटवर आमची नावे लागणार? चोर म्हणून?" यजमानांनी कपाळ पुसले. "अगं, कारखान्यातली निम्मी माणसे त्याच गेटातून जातात."

"म्हणजे आजोबांचे नाचायचे यंदाही राहूनच गेले म्हणायचे," बाबू म्हणाला.

"तू गप्प बस. तुझे नाव ठेवले तिथेच चुकले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या जाऊन सांगून टाक."

"सांगते. पण त्यांना वाटेल, मी तुमची रदबदली करते आहे."

"वाटू दे. बाकीचे जोशी, काळे यांचे काय? त्यांच्या बायका काही त्या ऑफिसात नाहीत."



तालीम पुन्हा सुरू झाली. मी बघत बसले. चंद्रिकाबेन, यजमान, बाबू. चंद्रिकाबेन, यजमान, बाबू. सवयीने मी मोजत होते. कधी मोजणी यजमानांपासून सुरू होई: यजमान, बाबू, चंद्रिकाबेन. तरी रिंगण तेच. कोठूनही मोजले तरी चंद्रिकाबेनच्या मागे यजमान, यजमानांच्या मागे बाबू.

"बाबा, तुमची टाळी माझ्या नाकावर बसते. मी पुढे येतो," बाबू ओरडला आणि दोघांनी जागा बदलल्या.

आता चंद्रिकाबेनच्या मागे बाबू आणि बाबूच्या मागे यजमान. मी पुन्हा मोजू लागले. चंद्रिकाबेनपासून मोजले. बाबूपासून मोजले. यजमानांपासून मोजले. पहिले रिंगण काही केल्या परत येईना.

मी पायरीवरून उठून उभी राहिले. यजमानांना वाटले, मीही खेळायला येते आहे. ते इतके चकित झाले की त्यांचा ठेका चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार्दिकभाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. दुर्दैवाने हसमुखभाई तेथेच होते. पक्की प्रत न्यायला आले होते. मी परत फिरणार होते. पण हार्दिकभाईंनी विचारले, "बोला ने, नीलाबेन."

"यादी गेटवर लावू नये, असे मला वाटते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दोघांनीही 'काय?' म्हणून विचारले. मला तेच पुन्हा म्हणावे लागले, आणि दुसऱ्यांदा बोलताना तो जरा बरा निघाला.

मी बाप-लेकांची गोष्ट सांगितली. यादीतल्या घरच्याच नावांवर बोट ठेवून दाखवले. लपविण्यात अर्थ नव्हता.

"दादानुं नाम? नातवाला?" हसमुखभाईंचा विश्वास बसेना. "अमारे त्यां तो फोई नाम पाडे."

फोई म्हणजे आत्या. गुजराती घरांत बाळाचे नाव आत्या ठेवते, आणि ती राशीवरून नवे नाव शोधते. त्यामुळे बाप आणि मुलाची नावे अशी एकमेकांत अडकण्याचा प्रसंगच येत नाही. त्या दोघांना ही शंका आली नाही यात नवल नव्हते.

"मग तुमच्याकडे फोई काय करते?" हसमुखभाईंनी विचारले.

"बाळाच्या कानात नाव सांगते. पण ते घरच्यांनी आधीच ठरवलेले असते."

"तेव्हा मराठी फोई बिचारी बिनकामाची!"

हार्दिकभाई हसले नाहीत. ते विचारात पडले होते. "म्हणजे सॉर्ट करणे चुकीचे," ते सावकाश म्हणाले. "पण सॉर्ट केले नाही तर खरे डबल कसे पकडणार? दोन्हीकडे क्रमच बदलतो."

"दोन्हीकडे सारखा बदलत नाही," मी म्हणाले. "आपण दोघेही जरा उठाल का?"

पुढे मी जे केले ते आज आठवले तरी मला नवल वाटते. मी फिरती खुर्ची खोलीच्या मध्यभागी ओढली आणि एका बाजूला हसमुखभाईंना उभे केले. "तुम्ही मोहन." दुसऱ्या बाजूला हार्दिकभाई. "तुम्ही श्रीधर." आणि तिसऱ्या जागी मी. "मी पोतनीस." यजमानांचे आणि मामंजींचे, अशी दोन्ही नावे मी मोठ्याने उच्चारली तो हा पहिला प्रसंग. कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. मी मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आता फिरा."

"ऑफिसमध्ये गरबा?" हार्दिकभाई म्हणाले.

"फिर ने, भाई," हसमुखभाई आधीच फिरू लागले होते. सवय जात नाही.

"आम्ही मराठी लोक नाव मोहनपासून मोजायला लागतो: मोहन, श्रीधर, पोतनीस. तुम्ही गुजराती लोक आडनाव आधी लिहिता, म्हणून पोतनीसपासून मोजता: पोतनीस, मोहन, श्रीधर. रिंगण तेच. फक्त मोजायला सुरुवात कोठून केली, एवढाच फरक. रमेश पटेलांनी हेच केले." मग मी त्या दोघांना जागा बदलायला सांगितल्या. "हा झाला माझा मुलगा. श्रीधर, मोहन, पोतनीस. आता कोठूनही मोजा. पहिले रिंगण येते का?"

हसमुखभाई बोटांवर मोजत खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून आले. "नथी आवतुं," ते म्हणाले.

हार्दिकभाई खुर्चीपाशी थबकले होते. "रोटेशन," ते स्वतःशीच पुटपुटले आणि संगणकाकडे धावले. मग की-बोर्डवर ठेवलेले हात त्यांनी उचलले आणि बाजूला सरकले. "नाही. नीलाबेन, तुम्हीच लिहा."

रिंगण संगणकाला दाखवायचे कसे? त्याला तर सरळ माळच कळते. त्याचे उत्तर मी रात्रीच्या पोळ्या लाटताना शोधले होते. नाव एकदा लिहायचे आणि त्यालाच जोडून पुन्हा एकदा लिहायचे: मोहन श्रीधर पोतनीस मोहन श्रीधर पोतनीस. या दुप्पट माळेत 'पोतनीस मोहन श्रीधर' हा तुकडा सलग सापडतो. म्हणजे माणूस तोच. 'श्रीधर मोहन पोतनीस' मात्र कितीही शोधले तरी सलग सापडत नाही. म्हणजे माणूस दुसरा. पायथनमध्ये हे खरोखरच एका ओळीचे काम निघाले. हार्दिकभाईंचा अभिमान अनाठायी नव्हता.

"आणि कोणी मुद्दाम आपले आणि बापाचे नाव उलटे लिहिले तर?" हार्दिकभाईंनी शेवटची शंका काढली.

याचे उत्तर हसमुखभाईंनी दिले. "पासवर बापाचे नाव येणार, माइकवर बक्षीस पुकारले तर बापाचे पुकारणार. बापना नामे कोण गरबा रमे?"

मी प्रोग्राम चालवला. या वेळी प्रिंटर लवकर थांबला. जोशी गेले, काळे गेले, पाटणकर गेले. पोतनीसही गेले. आदल्या दिवशीच्या लांब पट्टीच्या जागी एकच पान उरले. हसमुखभाईंनी ते हातात घेतले. आदली पट्टी त्यांनी केवळ वजनावरून पसंत केली होती. हे पान एकच असल्यामुळे ते वाचू लागले. वाचता वाचता एका ओळीपाशी त्यांचे ओठ थांबले.

"नीलाबेन, आता प्रोग्राममध्ये काही चूक नाही ना?"

"नाही, असे वाटते."

"नक्की?"

"फोन लावून विचारून पाहा."

त्यांनी पान टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसले. "आ तो मारो साळो छे," ते म्हणाले. त्यांच्या पत्नीचा सख्खा भाऊ. मंडळात मंडपाची व्यवस्था पाहणारा.

आदल्या दिवशीच्या पट्टीतही त्याचे नाव होतेच. पण ते इतक्या नावांच्या गर्दीत होते की कोणाच्या नजरेला पडले नाही.

हार्दिकभाईंनी खिडकीबाहेर पाहण्याचे निमित्त शोधले. मला मात्र वाईट वाटले. खरे सांगायचे तर थोडेसे हसूही आले, पण ते मी पदराआड ठेवले.

"गेटवर लावायची यादी मोठ्या अक्षरांत हवी होती ना?" हार्दिकभाईंनी अतिशय गंभीरपणे विचारले.

"कसली यादी?" हसमुखभाई उठले. "सणासुदीचे दिवस. कोणाची नावे कशाला लावायची? प्रत्येकाला फोन करून सांगतो, एक पास मिळेल, दुसरा नाही. चालो, जवा दो." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "आणि नीलाबेन, तुमच्या मराठी लोकांबद्दल जे बोललो, ते परत घेतले."

"आणि फोईबद्दलचे?" मी विचारले. हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले, हे मला आजही सांगता येणार नाही.

"ते पण," ते म्हणाले आणि जिना उतरताना त्यांचे हसणे खालच्या कापडाच्या दुकानापर्यंत ऐकू गेले असावे.

माझी प्रोबेशन संपली आणि मी त्या कंपनीत कायम झाले. हार्दिकभाईंनी त्यानंतर एक नवी पद्धत पाडली. कोणतीही युक्ती सुचली की ते आधी मला विचारत, "नीलाबेन, तुमच्या घरी हे चालेल?" मीही हळूहळू, विचारल्यावाचून, बोलायला शिकले. त्याला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

त्या नवरात्रात यजमान आणि बाबू एकाच रिंगणात खेळले. दोघांच्या गळ्यांत दोन पास होते आणि त्यांवर तेच तीन शब्द होते. मी कडेला खुर्चीवर बसून पाहत होते. गर्दीत ते दोघे दिसेनासे झाले तेव्हा मी 'बाबू!' म्हणून हाक मारली, आणि आसपासच्या निदान चार बाबूंनी वळून पाहिले. म्हणून मग मी दुसऱ्या नावाने हाक मारली. तो एकटाच वळला.

या सर्वांतून मी जे शिकले ते फार मोठे नाही. संगणकाला माणसे कळत नाहीत. ती त्याला आपणच सांगावी लागतात, आणि ती आपल्याला पुरती ठाऊक आहेत असे गृहीत धरू नये. शिवाय यादी जितकी लांब, तितकी ती दुसऱ्यांविषयी आहे असे वाटते. आखूड झाली की मगच कोणी ती वाचतो.

तुमच्या घरात आजोबांचे नाव कोणाला ठेवले आहे, आणि त्याला तुम्ही काय म्हणून हाक मारता?